मोटरसायकलवरच्या बायकांच्या टोळ्या, १९६८ : हे चित्रपट नेमके कोणासाठी काढले गेले?

उत्तररात्र (नाशिक)

नमस्कार. आमच्या फिल्म सोसायटीच्या छोट्या अंकासाठी मी अमेरिकेतील 'एक्स्प्लॉइटेशन' चित्रपटांवर लेख लिहीत आहे. रक्त, मारामारी, अंगप्रदर्शन असा भडक माल पुढे करून कमी खर्चात गल्ला जमवणारे ते हे चित्रपट. त्या निमित्ताने हर्शेल गॉर्डन लुईस यांचा १९६८ चा 'शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स' पाहिला, आणि गेले पंधरा दिवस माझे त्याच्याविषयी एक मत होत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लोरिडातील एका लहान गावात 'मॅन-ईटर्स' नावाची बायकांची मोटरसायकल टोळी आहे. या बायका एका धावपट्टीवर शर्यत लावतात आणि जी जिंकेल तिला, समोर ओळीने उभ्या केलेल्या पुरुषांतून पहिली निवड करण्याचा मान मिळतो. कॅरेन नावाच्या मुलीचा एकाच पुरुषावर जीव जडू लागला आहे असा संशय येताच, निष्ठेची परीक्षा म्हणून तिला त्याच माणसाला मोटरसायकलमागे बांधून फरफटत न्यायला लावले जाते. पुढे पुरुषांच्या एका टोळीशी वैर होते, ते पुरुष टोळीतील सर्वांत लहान मुलीला पळवून तिचे हाल करतात, आणि त्याचा सूड म्हणून रस्त्यावर आडवी तार ताणून त्यांच्या म्होरक्याचे मुंडके उडवले जाते. हे मुंडके इतके उघड खोटे आहे की, किळस येण्याऐवजी ते कोणत्या नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातून आणले असेल असा विचार मनात येतो. अभिनय म्हणाल तर गणेशोत्सवातील हौशी एकांकिका बरी, असे वाटायला लावणारा आहे.

असे असूनही शेवटी कॅरेनचा जुना मित्र तिला या सगळ्यातून बाहेर काढायला येतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जात नाही, टोळीबरोबर राहते. त्या काळातील कितीतरी प्रतिष्ठित चित्रपटांत अशी मुलगी एकतर घरी परतली असती किंवा शेवटच्या रिळात मेली असती.

मला पडलेले प्रश्न असे. याच वर्षी 'द मिनी-स्कर्ट मॉब' आणि 'द हेलकॅट्स' हेही बायकांच्या मोटरसायकल टोळ्यांवरचे चित्रपट आले. मग १९६८ मध्येच ही लाट का आली? हे चित्रपट पाहायला येत कोण होते? आणि त्यांत जे बंड दिसते ते खरोखर त्यात आहे, की आपण आज, इतक्या वर्षांनी, आपल्या सोयीने ते त्यात पाहत आहोत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

जुनी रिळे (मुंबई)

उत्तररात्र, आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्या मते विचारसरणीत न शोधता वितरकाच्या वहीत शोधावीत. मी स्वतः लॅमिंग्टन रोडवरच्या एका वितरण कार्यालयात बरीच वर्षे काढली असल्यामुळे हा माझा पूर्वग्रह समजा, पण तो बाजूला ठेवण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

सुरुवात १९६६ पासून करावी लागते. रॉजर कॉर्मन यांचा 'द वाइल्ड एंजल्स' त्या वर्षी आला. खर्च सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशेबात चिल्लर, आणि कमाई त्याच्या कितीतरी पट. तो काढणारी अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी सॅम्युअल आर्कॉफ आणि जेम्स निकल्सन यांची. त्यांची रीत अशी होती की आधी चित्रपटाचे नाव ठरवायचे, मग पोस्टर करून घ्यायचे, थिएटरवाल्यांचा प्रतिसाद पाहायचा आणि तो बरा असेल तर कथा लिहायला घ्यायची. आपल्याकडेही नुसत्या नावावर पैसे उचलणारे निर्माते मी पाहिले आहेत, पण ती त्यांची लबाडी असे. या लोकांनी तिची राजरोस पद्धत केली होती.

'द वाइल्ड एंजल्स' चालल्याबरोबर जो उठला तो मोटरसायकल टोळीचा चित्रपट काढू लागला. दोन वर्षांत तीच ती कातडी जाकिटे, तोच तो वाळवंटातला रस्ता आणि तीच ती दारूच्या गुत्त्यातली मारामारी पाहून प्रेक्षक कंटाळण्याच्या बेताला आला. अशा वेळी धंद्यातला माणूस नवी गोष्ट शोधत नाही. जुन्याच गोष्टीतला एक पत्ता बदलतो. पुरुषांची टोळी होती, तिच्या जागी बायकांची टोळी घाला, आणि पोस्टर पुन्हा नवे दिसू लागते. १९६८ मध्ये तिघांना एकदम हेच सुचले यात योगायोग कमी आणि गरज जास्त आहे. त्यातच हॉलीवूडची जुनी नियमावली तोवर पुरती खिळखिळी झाली होती, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून तिच्या जागी वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. काय दाखवावे आणि काय दाखवू नये याचे कुंपण मोडलेले होते, आणि नवे कुठे घालायचे हे अजून कोणालाच नीट ठरवता आलेले नव्हते.

आता प्रेक्षक. हे चित्रपट मुख्यतः ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी असत. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची ही सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे सुरू झाली आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशी ४ हजारांवर थिएटरे होती. (मुंबईत वांद्र्याला एकेकाळी होते ते ज्यांना आठवत असेल त्यांना कल्पना येईल, पण तिथे आम्ही सहकुटुंब डबे घेऊन जात असू, तिकडची गिऱ्हाइके वेगळी.) तिथे येणारी तरुण पोरे अर्धा वेळ पडद्याकडे पाहतच नसत, म्हणून दर दहा मिनिटांनी त्यांची मान वर उचलायला लावील असे काही तरी घडवणे भाग असे. 'शी-डेव्हिल्स'ची कथा तुटक वाटते त्याचे हे एक कारण आहे. तिला कथा म्हणून न पाहता एकामागून एक लावलेल्या झटक्यांची माळ म्हणून पाहा, म्हणजे तिची बांधणी बरीच शहाणी वाटेल.

अमेरिकन इंटरनॅशनलवाल्यांचा प्रेक्षकाविषयी एक ठोकताळाही होता. त्याला ते पीटर पॅनचे नाव देत. लहान मूल मोठ्या मुलाचा चित्रपट पाहते, पण मोठे मूल लहान मुलाचा पाहत नाही. मुलगी मुलाचा चित्रपट पाहते, पण मुलगा मुलीचा पाहत नाही. म्हणून जास्तीत जास्त गर्दी हवी असेल तर १९ वर्षांच्या मुलग्यावर नेम धरावा. आता गंमत पाहा. ज्या धंद्याचे गणित 'मुलगा मुलीचा चित्रपट पाहत नाही' या गृहीतकावर उभे होते, त्याच धंद्याने बायकांच्या टोळीचे चित्रपट काढले. म्हणजे त्यांच्या लेखी हे मुलींचे चित्रपट नव्हतेच. ते १९ वर्षांच्या मुलग्यासाठीच होते. फक्त त्याला या वेळी मोटरसायकल आणि मुलगी एकाच चौकटीत मिळत होती.

लुईस यांचा मामला थोडा निराळा आहे. ते या कंपनीचे नव्हेत. ते आधी इंग्रजीचे प्राध्यापक होते, मग शिकागोत जाहिरातीच्या धंद्यात गेले, आणि १९६३ मध्ये त्यांनी मायामीत सुमारे २४,५०० डॉलरांत 'ब्लड फीस्ट' काढून पडद्यावर रक्ताचा सडा घालण्याचा नवाच प्रकार सुरू केला. त्यांचे चित्रपट प्रदेशाप्रदेशाने विकले जात. आपल्याकडे जसे मुंबई, सीपी-बेरार, निझाम असे पट्टे पाडून हक्क विकतात, तसेच. असा चित्रपट दक्षिणेतल्या एखाद्या पट्ट्यात चालला की खर्च वसूल झाला; न्यूयॉर्कच्या समीक्षकाने तो पाहिला काय आणि न पाहिला काय, कोणाचे काही अडत नव्हते. आपल्याला शेवट धाडसी वाटतो त्याचा उलगडा यात आहे असे मला वाटते. कॅरेनला घरी पाठवा, असे सांगणारा कोणी वरिष्ठ त्या चित्रपटाला नव्हताच. पुढे लुईस यांनी चित्रपट सोडून पत्राने माल विकण्याच्या धंद्यात जम बसवला आणि विक्रीपत्रे कशी लिहावीत यावर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. २०१६ मध्ये ते वारले. विकणे हीच त्यांची खरी कला होती आणि ते ती कधी लपवतही नसत.

---

डबलसीट नको (कोल्हापूर)

जुनी रिळे यांचे लिखाण नेहमीप्रमाणे आवडले. पैशांचा हिशेब त्यांनी मांडलाच आहे; मी फक्त गाडीविषयी लिहिते, कारण या चित्रपटांवर लिहिणारे बहुतेक जण गाडीकडे पाहतच नाहीत असा माझा अनुभव आहे. मी स्वतः वीस वर्षे बुलेट चालवते आहे, त्यापैकी पहिली सात वर्षे उजवीकडे गिअर आणि डावीकडे ब्रेक असलेली जुनी गाडी होती.

'द वाइल्ड एंजल्स' पाहा. पीटर फोंडा हँडलवर आणि नॅन्सी सिनात्रा मागे डबलसीट. त्या पठडीतल्या जवळजवळ सगळ्या चित्रपटांत बाईची जागा हीच : मागची सीट, आणि दोन्ही हात पुढच्या माणसाच्या कमरेला. तिला कुठे जायचे, कधी थांबायचे, किती वेगाने जायचे यातले काहीच ठरवता येत नाही, आणि मारामारी झाली की ती आयती बक्षीस म्हणून उभी. 'शी-डेव्हिल्स'मध्ये या बायका पहिल्यांदा हँडलवर दिसतात तेव्हा कथा काय आहे याच्याशी मला काही कर्तव्य उरत नाही.

याचे एक साधे कारण आहे. लुईस यांनी या भूमिकांसाठी नट्या घेऊन त्यांना मोटरसायकल शिकवली नाही; ज्यांना मोटरसायकल चालवता येते अशा बायका घेतल्या आणि त्यांना संवाद दिले. त्यामुळे संवादांचे जे व्हायचे ते झाले. टोळीची राणी झालेल्या बेटी कॉनेल यांचे बोलणे ऐकताना मलाही कानकोंडे होते. पण गाडीवर बसल्या की हाच प्रकार उलटा होतो. चित्रपटात नटाला गाडी येत नसली की काय करतात ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहे : चेहऱ्याच्या दृश्यात गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून ओढतात, आणि दूरच्या दृश्यात तसाच केसांचा टोप घातलेला दुसराच कोणी तरी असतो. हँडल धरलेले हात आणि बोलणारे तोंड एका चौकटीत कधी येत नाहीत. इथे ते येतात. पैसे नव्हते म्हणून येतात हे मला मान्य आहे, पण येतात.

ज्यांनी जड गाडी चालवलेली नाही त्यांना एक बारीक गोष्ट सांगते. वेगात गाडी चालवणे हे तसे सोपे असते. खरी परीक्षा थांबताना आणि वळवताना होते. जड मोटरसायकल चालण्याच्या वेगाने वळवायची म्हणजे क्लच अर्धा धरून ठेवायचा, मागच्या ब्रेकवर पाऊल हलके टेकवायचे आणि नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवायची. नवशिक्या बाईची नजर खाली जाते आणि गाडी त्याच बाजूला पडते. माझी पहिल्या वर्षी रंकाळ्यावर दोनदा पडली आहे आणि ती उचलताना लोकांनी दिलेले सल्ले अजून पाठ आहेत. या बायका घोळक्याने येतात, फिरतात, ओळीने उभ्या राहतात, आणि कोणाची नजर खाली जात नाही. हे अभिनयाने आणता येत नाही. चित्रपट काढणाऱ्याचा हेतू काय होता तो असो. कॅमेऱ्यासमोर जे होते ते खरे होते, आणि ते त्यावर उमटले.

बंडाविषयी विचारलेत म्हणून आणखी एक. बायका मोटरसायकल चालवू लागल्या त्या काही १९६८ मध्ये नव्हे. ॲडलिन आणि ऑगस्टा व्हॅन ब्यूरेन या बहिणी १९१६ मध्ये आपापल्या इंडियन मोटरसायकलींवर अमेरिका आडवी पार करून गेल्या, आणि वाटेत गावोगावी त्यांना अडवण्यात आले ते वेगासाठी नव्हे, तर पुरुषी कपडे घातले म्हणून. लष्करात निरोप पोचवण्याच्या कामासाठी बायका योग्य आहेत हे त्यांना सिद्ध करायचे होते. लष्कराने त्यांना घेतले नाही. १९४० मध्ये डॉट रॉबिन्सन आणि लिंडा ड्युगो यांनी 'मोटर मेड्स' ही बायकांची संघटना काढली, ती आजही आहे. त्यांचा गणवेश असतो आणि संचलनात त्या पांढरे हातमोजे घालतात. म्हणजे पडद्यावर मुंडके उडवणारी टोळी धुमाकूळ घालत होती तेव्हा खऱ्या रस्त्यावर बायका पांढरे हातमोजे घालून, आम्ही सभ्य आहोत हो, असे लोकांना पटवून देत होत्या. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला आवडतात. माझ्या मुलीला मात्र हातमोज्यांची गोष्ट जास्त अपमानास्पद वाटते.

---

आडवा प्रश्न (पुणे)

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

डबलसीट नको यांचे निरीक्षण मोलाचे आहे, पण त्यावरून या संपूर्ण प्रकाराला पावन करून घेऊ नये असे मला वाटते. उत्तररात्र यांनी ज्याला 'हाल करतात' अशा दोन शब्दांत आटोपले आहे, त्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. टोळीतल्या सर्वांत दुबळ्या मुलीवर अत्याचार होतो तो कशासाठी? पुढच्या मुंडके उडवण्याला कारण हवे म्हणून. बाईवरचा अत्याचार हा इथे कथेचे इंधन आहे, आणि तो ज्या पोरांना विकायचा होता ती पोरे कोण हे जुनी रिळे यांनी सांगितलेच आहे.

'द मिनी-स्कर्ट मॉब'ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मॉरी डेक्स्टर यांचा हा चित्रपट अमेरिकन इंटरनॅशनलचाच. यात टोळीची म्होरकी शेन ही डायन मॅकबेन यांनी केली आहे. आता एवढी जरब असलेली बाई काय करते? तिचा जुना प्रियकर दुसऱ्या मुलीशी लग्न करतो म्हणून ती सगळी टोळी घेऊन त्या नवविवाहित जोडप्याच्या मागे लागते. संपूर्ण चित्रपट एका पुरुषासाठी. तिची धाकटी बहीण यात आगीत सापडून मरते, शेनचाही शेवट कड्यावरून पडून होतो, आणि सभ्य नवी नवरी तेवढी सहीसलामत राहते. टोळी बायकांची असली तरी नीतिकथा सासूबाईंची आहे. (ती धाकटी बहीण झालेल्या पॅटी मॅकॉर्मॅक या 'द बॅड सीड'मधील कोवळ्या वयातल्या खुनी मुलीच्या भूमिकेमुळे आधीच गाजलेल्या होत्या, आणि त्यांना इथे पाहून वाईट वाटते.) 'द हेलकॅट्स'विषयी फार लिहिण्यासारखे नाही. मेलेल्या पोलिसाचा भाऊ आणि त्याची वाग्दत्त वधू वेषांतर करून अमली पदार्थांच्या धंद्यातील टोळीत शिरतात, एवढीच ती कथा, आणि आज तो चित्रपट आठवतो तो १९९० मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याची यथेच्छ टर उडवली म्हणून. रॉस हेगन हे एकच गृहस्थ त्या एका वर्षात या दोन्ही चित्रपटांत नायक आहेत, यावरूनच किती काटकसरीने काम चाले ते कळावे.

मग बाईने दिग्दर्शित केले की चित्र पालटते का? तेही पाहू. बार्बरा पीटर्स यांचा १९७१ चा 'बरी मी ॲन एंजल' हा मोटरसायकल टोळीच्या प्रकारातील बाईने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट मानला जातो. डिक्सी पीबडी यांनी केलेली डॅग ही उंचीपुरी नायिका, भावाला दारात गोळी घालणाऱ्या माणसाच्या शोधात बंदूक घेऊन निघते, आणि या वेळी सोबतीला असलेले दोन पुरुष तिच्या मागून येतात. चित्रपट बरा आहे, काही ठिकाणी खरोखर चांगला आहे. पण कॉर्मन यांच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने तो विकला कसा? एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या चावट शब्दांची माळ गुंफलेल्या जाहिरातीने. त्या जाहिरातीच्या शेवटच्या शब्दांना पुढे टॅरंटिनो यांच्या 'किल बिल'मध्ये नायिकेच्या तोंडी जागा मिळाली. पीटर्स यांचे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. १९८० मध्ये याच कंपनीसाठी त्यांनी 'ह्युमनॉइड्स फ्रॉम द डीप' हा समुद्रातल्या राक्षसांचा चित्रपट केला. तो पुरेसा भडक नाही असे ठरवून कंपनीने दुसऱ्या माणसाकडून बलात्काराची आणि नग्नतेची जादा दृश्ये चित्रित करून घेतली आणि मध्ये जोडली. पीटर्स आणि चित्रपटाच्या नायिका ॲन टर्केल यांनी आपली नावे काढून टाकण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. बाईने काय चित्रित केले हे शेवटी कात्री धरणाऱ्याच्या हातात राहिले. म्हणून 'कॅमेऱ्यावर खरे ते उमटले' या वाक्यावर माझे समाधान होत नाही.

---

सुमिदाकाठ (टोकियो)

चर्चा अमेरिकेपुरती चालली आहे, पण याच काळात जपानमध्ये जे घडले ते शेजारी ठेवून पाहिले तर जुनी रिळे आणि आडवा प्रश्न या दोघांच्याही म्हणण्याला दुजोरा मिळतो असे मला वाटते, म्हणून थोडे लिहितो. मी येथे अकरा वर्षे राहतो आणि जुने चित्रपट लावणाऱ्या लहान थिएटरांत माझ्या रविवारांचा बराच भाग जातो.

जपानमध्ये १९५८ मध्ये चित्रपटांची सुमारे ११२ कोटी तिकिटे विकली गेली होती; १९७० मध्ये तो आकडा २५ कोटींच्या आसपास आला होता. घरोघरी दूरचित्रवाणी आली होती. बुडत्या कंपन्यांना तरुण पुरुष प्रेक्षक तेवढे उरले होते, कारण बाकीचे सगळे घरी बसून कार्यक्रम पाहत होते. अशा वेळी निक्कात्सु कंपनीने १९७० मध्ये 'नोरानेको रोक्कू' म्हणजे भटक्या मांजरींचा रॉक या नावाची मालिका सुरू केली. दोन वर्षांत तिचे पाच भाग आले. पहिल्याचे दिग्दर्शक यासुहारू हासेबे, आणि तो मुळात गायिका आकिको वादा यांना पुढे आणण्यासाठी काढलेला होता. त्या मोटरसायकलवरून टोकियोतल्या शिंजुकु भागात येतात आणि तिथल्या मुलींच्या टोळीत सामील होतात. भरपूर उंची आणि दणदणीत आवाज असलेल्या वादा यांना पाहताना मला डॅगची आठवण येते. चित्रपट त्यांचा असूनही लोकांनी डोक्यावर घेतले ते टोळीची म्होरकी झालेल्या मेइको काजी यांना.

तोएई कंपनीने मग याहून भडक मार्ग धरला. 'सुकेबान' हा शब्द त्यातूनच सर्वतोमुखी झाला. शाळेतल्या मुलांच्या दादाला 'बांचो' म्हणत. त्यातल्या 'बान'ला बाईसाठीचा गावठी शब्द 'सुके' जोडून झाली 'सुकेबान', म्हणजे मुलींची दादा. नोरिफुमी सुझुकी यांच्या १९७२ च्या अशाच एका चित्रपटात मिकी सुगिमोतो यांची टोळी मोटरसायकलींवर टोकियोहून क्योतोला जाते आणि त्या देवळांच्या, भिक्षूंच्या, सोवळ्या शहरात हलकल्लोळ माजवते. पंढरपुरात आषाढीला फटफट्या घालाव्यात तसा तो प्रकार आहे, आणि त्यातला विनोद पाहणाऱ्या जपानी माणसाला बरोबर कळतो. अंगप्रदर्शन मात्र इतके आहे की आडवा प्रश्न यांनी हा चित्रपट न पाहिलेलाच बरा.

आता मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर १९७१ पासून निक्कात्सुने सरळ कामुक चित्रपटांचा कारखाना काढला. मेइको काजी यांनी ते मान्य केले नाही, कंपनी सोडली आणि तोएईत जाऊन १९७२ मध्ये 'सासोरी' म्हणजे विंचू या मालिकेत कैदी बाईची भूमिका केली. तिथे त्या जवळजवळ बोलतच नाहीत. फक्त पाहतात, आणि त्या पाहण्यावर ती मालिका चालली. तेव्हा कात्री दुसऱ्याच्या हातात असते हे खरेच आहे, पण कधीकधी नटीला काय करायचे नाही हे ठरवता येते आणि त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो.

---

जुनी रिळे (मुंबई)

आडवा प्रश्न, आपला मुद्दा मान्य. फक्त एक राहून गेलेली माहिती जोडतो, कारण ती आपल्या बाजूची आहे की विरुद्ध हे मलाच ठरवता येत नाही. 'शी-डेव्हिल्स'ची पटकथा लुईस यांची नाही; ती ॲलिसन लुईज डाऊन या बाईंची आहे. 'ब्लड फीस्ट'ही त्यांनीच लिहिला होता. त्याआधी लुईस यांच्या नग्नपटांत त्यांनी नटी म्हणून कामे केली होती. म्हणजे कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवण्यापासून सुरुवात केलेली बाई पुढे टंकलेखन यंत्रापुढे बसली, आणि तिने लिहिले काय, तर पुरुषांना ओळीत उभे करून बायका निवड करत आहेत. अत्याचाराचा प्रसंगही तिनेच लिहिला, हेही खरे.

आणि डबलसीट नको, आपल्या गाडीच्या मुद्द्याला आमच्या धंद्याकडूनही साक्ष आहे. १९३० च्या दशकात मुंबईत वाडिया मूव्हीटोनने नादिया यांना घेऊन स्टंटपट काढले; १९३५ चा 'हंटरवाली' तर सर्वांना नावाने ठाऊक आहे. त्या बाईंचे हिंदी उच्चार ऐकून जाणकार नाक मुरडत. घोड्यावर, आगगाडीच्या टपावर त्या स्वतः असत, आणि पिटातल्या प्रेक्षकाने त्याचेच पैसे दिले. आमचे जुने मॅनेजर म्हणत, संवाद डब करता येतात, उडी डब करता येत नाही.

---

डबलसीट नको (कोल्हापूर)

आडवा प्रश्न यांना एवढेच सांगते की मी त्या चित्रपटांना पावन करत नाही. पावन करण्याइतके त्यात काही नाही. अत्याचाराचा प्रसंग मी पुढे ढकलते, दर वेळी. माझे म्हणणे मर्यादित आहे. पीटर्स यांच्या चित्रपटात नंतर कोणी तरी दृश्ये घुसडली, म्हणजे कात्रीने भर घालता येते आणि वजाही करता येते. पण धावपट्टीवरची शर्यत हा चित्रपटाचा विकाऊ भाग होता, ती कापली असती तर विकायला काय उरले असते? ज्या गोष्टीवर धंदा अवलंबून होता, नेमक्या त्याच गोष्टीत त्या बायका तरबेज होत्या. 'मिनी-स्कर्ट मॉब'मध्ये तसे नव्हते. तिथे विकाऊ भाग नावातच लिहिला आहे.

---

उत्तररात्र (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. लेखाचा आराखडा मोडून मी पुन्हा लिहायला घेतला आहे. 'बंड की धंदा' असे शीर्षक ठरवले होते ते आता काढून टाकले, कारण वरच्या उत्तरांत या दोन गोष्टी अशा वेगळ्या होत नाहीत.

काल रात्री डबलसीट नको यांचे लिखाण वाचून धावपट्टीचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहिला. संवाद गेले, ते संगीत गेले, आणि त्याबरोबर चित्रपटाचा बराचसा बावळटपणाही गेला. मग फक्त नजरा पाहत बसलो. आईला मोटरसायकलमधले काही कळत नाही, ती पाणी प्यायला उठली होती, दारात थांबून थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "यातली कुठली जिंकते?" मी सांगितले नाही. ती खुर्ची ओढून बसली.

लेखात ॲलिसन लुईज डाऊन यांचे नाव लुईस यांच्या आधी घालणार आहे. आडवा प्रश्न, आपण बार्बरा पीटर्स यांच्यावर आमच्या पुढच्या अंकासाठी स्वतंत्रपणे लिहाल का? मानधन नाही, अंकाच्या दोन प्रती मिळतील.